तीन याद्या, एक ताट : मूलपेशी प्रत्यारोपण आणि आपले स्वयंपाकघर



शिरूर कासारच्या पेठेतून एका भगिनीचे पत्र या सदरासाठी आले आहे. त्यांचे सासरे अठ्ठावन्न वर्षांचे. त्यांना मल्टिपल मायलोमा, म्हणजे अस्थिमज्जेतील प्लाझ्मा पेशींचा कर्करोग झाला आहे. औषधोपचाराचा पहिला टप्पा पार पडला असून आता पौषात मुंबईस मूलपेशी प्रत्यारोपणासाठी दाखल व्हायचे आहे. वजन साठ किलोवर आले आहे. वीस वर्षांचा अखंड चौविहार, जमीकंदाचा त्याग आणि दर चतुर्दशीचा उपवास असा त्यांचा नेम आहे. भगिनींनी विचारले आहे ते असे : ‘रुग्णालयाने काय देऊ नये याचा छापील कागद दिला आहे. आमचे नेम आम्हांला ठाऊक आहेत. भेटायला येणारा प्रत्येक जण आणखी काहीतरी वर्ज्य करून जातो. मग त्यांना द्यायचे तरी काय?’

हा प्रश्न एका घराचा नाही. आपल्या समाजातील ज्या ज्या घरी ल्युकेमिया, लिम्फोमा, मायलोमा, ॲप्लास्टिक ॲनिमिया किंवा थॅलेसेमिया यांपैकी एखादा आजार आला आणि प्रत्यारोपणाचा निर्णय झाला, त्या प्रत्येक घराच्या स्वयंपाकघरात तो उभा राहतो. म्हणून उत्तर खासगी पत्राने न देता येथे सविस्तर देत आहे.

उपचार नेमका काय असतो

रक्तातील सर्व पेशी अस्थिमज्जेतील मूलपेशींपासून तयार होतात. प्रत्यारोपणात प्रथम अतितीव्र मात्रेची औषधे देऊन आजारी मज्जा रिकामी करतात आणि मग शिरेवाटे निरोगी मूलपेशी सोडतात. या पेशी रुग्णाच्याच आधी काढून जपून ठेवलेल्या असतील तर ते स्व-प्रत्यारोपण; भाऊ, बहीण किंवा अन्य दात्याच्या असतील तर ते दाता-प्रत्यारोपण. मायलोमात बहुधा पहिला प्रकार करतात. दुसऱ्या प्रकारात दात्याच्या पेशी रुग्णाच्या शरीरालाच परके मानून त्याच्या त्वचेवर, यकृतावर वा आतड्यावर हल्ला करण्याचा धोका असतो. तो टाळण्यासाठी प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे दीर्घकाळ घ्यावी लागतात.

भारतातील पहिले यशस्वी अस्थिमज्जा प्रत्यारोपण १९८३ साली मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात डॉ. सुरेश अडवाणी यांच्या चमूने केले. या उपचाराची पायाभरणी करणारे अमेरिकेतील डॉ. डॉनल थॉमस यांना १९९० साली नोबेल पारितोषिक मिळाले. आज टाटा मेमोरियलचा प्रत्यारोपण विभाग खारघरच्या ॲक्ट्रेक संस्थेत चालतो, आणि मुंबई-पुण्यातील इतर रुग्णालयांतही हा उपचार होतो. शिरूर कासारच्या माणसाला मात्र त्यासाठी गाव सोडून काही आठवडे, दाता-प्रत्यारोपण असेल तर साधारणतः तीन महिने, रुग्णालयाच्या आसपास राहावे लागते. घरची चूल सुटते, म्हणून आहाराचा विचार गावातून निघण्यापूर्वीच व्हायला हवा.

शरीराचा जमाखर्च

तीव्र औषधे कर्करोगाच्या पेशींप्रमाणेच शरीरातील इतर वेगाने वाढणाऱ्या पेशींवरही आघात करतात. तोंडापासून आतड्यापर्यंतचे अस्तर अशाच पेशींचे असते. त्यामुळे पेशी सोडल्यानंतर साधारण पाचव्या-सहाव्या दिवसापासून तोंडात फोड, गिळताना आग, मळमळ आणि जुलाब सुरू होतात. त्याच काळात संसर्गाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी जवळजवळ नाहीशा होतात. स्व-प्रत्यारोपणात त्या बहुधा दहा ते चौदा दिवसांत पुन्हा दिसू लागतात. दाता-प्रत्यारोपणात आणखी काही दिवस लागतात. अन्नाची सर्वाधिक गरज असते त्याच दिवसांत अन्न सर्वांत कमी जाते, ही या उपचाराची खरी अडचण होय.

व्यापारी माणसाला हे वेगळ्या शब्दांत सांगता येईल. आवक थांबली आणि खर्च वाढला की पेढी मुद्दल खाऊ लागते. शरीराचे मुद्दल म्हणजे स्नायू. अन्नातून प्रथिने मिळाली नाहीत तर शरीर स्नायू मोडून ती गरज भागवते. मग रुग्णाला उठून बसवत नाही, खोकून कफ काढता येत नाही, जखम भरत नाही. प्रत्यारोपणापूर्वीच खंगलेल्या रुग्णांना गुंतागुंतही अधिक भोगावी लागते.

आता आकडे पाहू. निरोगी प्रौढाला दर किलो वजनामागे रोज सुमारे ०.८३ ग्रॅम प्रथिने पुरतात, अशी आपल्या राष्ट्रीय पोषण संस्थेची शिफारस आहे. प्रत्यारोपणाच्या रुग्णासाठी आहारतज्ज्ञ साधारणपणे दीड ग्रॅम प्रथिने आणि ३० ते ३५ कॅलरी धरतात. म्हणजे साठ किलोच्या माणसाला पन्नास ग्रॅमऐवजी नव्वद ग्रॅम प्रथिने आणि १८०० ते २१०० कॅलरी. आजाऱ्याला म्हणून आपण जे पातळ वरण देतो, त्या एका वाटीत जेमतेम पंधरा ग्रॅम डाळ, म्हणजे तीन-साडेतीन ग्रॅम प्रथिने असतात. अशा पंचवीस वाट्या कोणी पिऊ शकत नाही. ‘हलके’ अन्न आणि ‘पोषक’ अन्न एकच नव्हे, हे प्रथम मनाशी पक्के करावे.

भगिनींच्या पत्रात निषेधाच्या तीन याद्या आहेत : रुग्णालयाची, व्रतांची आणि आप्तेष्टांची. तिन्ही एकावर एक ठेवल्या तर ताट रिकामे राहते. म्हणून एकेक यादी तपासून पाहू.

पहिली यादी : रुग्णालयाची

आरंभीच्या काळात या रुग्णांना निर्जंतुक हवेच्या बंद कक्षात ठेवत आणि त्यांचे अन्नही निर्जंतुक करून देत. पुढे तितका कडकपणा राहिला नाही, तरी कच्ची फळे, कच्च्या भाज्या वर्ज्य हा नियम टिकला. त्याची परीक्षा अलीकडे झाली. अमेरिकेत ह्यूस्टन येथे तीव्र ल्युकेमियाच्या १५३ रुग्णांपैकी काहींना सर्व अन्न शिजवलेले, तर काहींना ताजी फळे-भाज्यांसह अन्न दिले. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात दोन्ही गटांतील गंभीर संसर्गात लक्षणीय फरक आढळला नाही. इटलीतील अनेक रुग्णालयांनी मिळून प्रत्यारोपणाच्या दोनशेहून अधिक रुग्णांवर केलेल्या आणि २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीतही, मोकळा आहार घेणाऱ्यांत संसर्ग वाढला नाही.

याचा अर्थ आपण घरच्या घरी नियम सैल करावेत असा नाही. तेथील पाणीपुरवठा, शीतसाखळी आणि रुग्णालयाचे स्वयंपाकघर आपल्याकडे गृहीत धरता येत नाही. आपल्या केंद्राने कच्चे देऊ नका म्हटले तर देऊ नये. या अभ्यासांतून घ्यायचा बोध इतकाच की वर्ज्य पदार्थ वाढवत गेल्याने सुरक्षितता वाढतेच असे नाही. खाणे मात्र हमखास कमी होते. यादी छापील आहे तेवढीच पाळावी, तिच्यात आपल्या पदरची भर घालू नये.

या यादीकडे नीट पाहिले तर आपल्या वाचकांना ती ओळखीची वाटेल. मध नको, कारण त्यात बुरशी व जिवाणूंचे सूक्ष्म बीज असू शकते. शिळे अन्न नको. महिनोन्महिने मुरलेले लोणचे नको. मोड आलेली कच्ची कडधान्ये नकोत. अनोळखी फळ नको, बुरशी धरलेले धान्य नको, पाणी उकळलेले हवे. आपल्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या पाळला जाणारा अभक्ष्यविवेक आणि रुग्णालयाचा कागद येथे हातात हात घालून चालतात. कारणे निराळी आहेत, आचार एकच आहे. मातीत वाढणारे जमीकंद स्वच्छ करणे अवघड, म्हणून तेही अनेक ठिकाणी सोलून पूर्ण शिजवल्याखेरीज देत नाहीत.

तीन ठिकाणी मात्र आपल्या सवयी पुरेशा नाहीत. पहिले म्हणजे पाणी. गाळण्याने दिसणारे जीव अडतात, आजार पसरवणारे जिवाणू आणि विषाणू कापडातून सहज पार होतात. राख किंवा तांदळाच्या धुवणाने केलेले धोवन पाणी व्रतीसाठी प्रासुक असले तरी या रुग्णासाठी सुरक्षित नाही. त्याला खळखळून उकळलेले, झाकून ठेवलेले पाणीच द्यावे. उकळलेल्या पाण्याची चातुर्मासात तीन, हिवाळ्यात चार आणि उन्हाळ्यात पाच प्रहरांची आपली मर्यादा येथे उपयोगी पडते. रुग्णालयाने याहून कमी वेळ सांगितला असेल तर तो पाळावा. दुसरे, वरून भुरभुरलेली मिरपूड, जिरेपूड, चाट मसाला, कच्ची कोथिंबीर. मसाल्यांत बुरशीचे बीज असू शकते. जे घालायचे ते शिजतानाच घालावे. तिसरे, बाहेरचे गोडधोड. स्थानकातून आलेली प्रभावना असो की नातलगांनी आणलेला पेढा, रुग्णाच्या हाती तो जाऊ नये.

दुसरी यादी : व्रतांची

जमीकंदाचा त्याग या उपचाराच्या आड येत नाही. बटाट्यातून मिळणारी ऊर्जा भात, कच्चे केळे किंवा रव्यातून मिळते. गाजरातील जीवनसत्त्व लाल भोपळ्यात आहे. डाळी आणि दूध असलेल्या शाकाहारात नव्वद ग्रॅम प्रथिने बसवता येतात. शाकाहारी माणसात ब-१२ या जीवनसत्त्वाची कमतरता मात्र वारंवार आढळते, आणि रक्त तयार होण्यासाठी ते आवश्यक आहे. दाखल होण्यापूर्वी त्याची आणि ड जीवनसत्त्वाची तपासणी करून घ्यावी. द्विदलाचा नियम पाळणाऱ्यांनी दही-ताक गरम करून मगच बेसनाची कढी करावी. दही एरवीही तापलेल्या दुधाचे, त्याच दिवशीचे असावे, आणि या काळात ते द्यावे की नाही हे केंद्राला विचारावे.

खरा पेच चार ठिकाणी आहे.

पहिला पेच रात्रीचा. जानेवारीत मुंबईला सूर्योदय सव्वासातच्या सुमारास होतो. नवकारसीची ४८ मिनिटे धरली की आठ वाजतात. सव्वासहाच्या आसपास सूर्यास्त. म्हणजे खाण्यापिण्याला दहा तास मिळतात आणि जवळजवळ चौदा तास पोट रिकामे राहते. भूक बरी असेल त्या दिवशी दर दीड तासाने सात वेळा खाऊन हिशेब जमवता येईल. पण तोंड आले, ज्वर आला, जुलाब झाले की दिवसभरात निम्मेही जात नाही. तेव्हा रात्री पाणी थांबवणे मूत्रपिंडाला धोक्याचे ठरते आणि रात्रीची औषधे तर चुकवताच येत नाहीत.

दुसरा पेच बर्फाचा. मायलोमात मेल्फलान हे औषध मोठ्या मात्रेत देताना रुग्णाला तोंडात बर्फाचे तुकडे धरायला सांगतात. थंडीने तोंडातील रक्तवाहिन्या आकसतात, औषध तेथे कमी पोचते आणि पुढचे फोड कमी होतात. हा उपाय साधा, स्वस्त आणि अभ्यासांनी सिद्ध झालेला आहे. बर्फ आपल्याकडे अभक्ष्यांत गणला जातो, म्हणून काही रुग्ण आयत्या वेळी नकार देतात आणि पुढचे दहा दिवस त्यांना घोटभर पाणीही गिळवत नाही. येथे एवढे ध्यानात घ्यावे की तो बर्फ अन्न म्हणून दिला जात नाही. तोंडात धरून वितळलेले पाणी थुंकून टाकता येते. तो उकळलेल्या पाण्याचा करून मिळेल का, हे आधी विचारावे.

तिसरा पेच उपवासाचा. चतुर्दशीचा उपवास, आयंबिल, पर्युषणातील अठ्ठाई यांचे सामर्थ्य निरोगी देहात आहे. आयंबिलात दूध, तूप, तेल, साखर वर्ज्य. प्रत्यारोपणाच्या रुग्णाला नेमकी यांचीच गरज असते. उपवासाने कर्करोगाच्या पेशी उपाशी मरतात, असे संदेश हल्ली भ्रमणध्वनीवर फिरतात. ते वाचून कोणी या काळात उपवास करू नये. कुपोषणाचा धोका असलेल्या कर्करुग्णाला उपवास नको, असेच पोषणशास्त्राचे मार्गदर्शन आहे.

चौथा पेच दिसत नाही, म्हणून अधिक काळजीचा. तोंडाने काहीच जाईना तर प्रथम नाकातून पोटात घातलेल्या बारीक नळीने पातळ आहार देतात, आणि आतडेही काम करेनासे झाले तर शिरेवाटे पोषण देतात. शिरेवाटे द्यायच्या स्निग्ध द्रावणात बहुधा सोयाबीनचे तेल अंड्यातील घटकाने मिसळलेले असते, काही द्रावणांत माशाचे तेल असते. औषधांच्या कॅप्सूलचे आवरण पुष्कळदा जिलेटिनचे असते. अनेक कुटुंबांना हे नंतर कळते आणि रुग्णाच्या मनाला लागून राहते. कॅप्सूलला पर्याय मिळू शकतो. शिरेवाटेच्या द्रावणाला तो दर वेळी मिळेलच असे नाही. आधी विचारले तर निदान निर्णय विचारपूर्वक होतो.

या चारही प्रसंगी व्रत आणि उपचार यांत एकाची निवड करावी लागते, अशी आपली समजूत असते. आपल्या परंपरेने मात्र त्याचा विचार आधीच केलेला आहे. चौविहाराच्या पच्चक्खाणात आगार सांगितले आहेत, आणि त्यांत ‘सव्वसमाहिवत्तियागार’ आहे : असह्य पीडेने समाधी ढळू लागली तर ती टिकवण्यासाठी औषध-पथ्याची मोकळीक. चौविहाराखाली तिविहार आणि दुविहार अशा पायऱ्याही आहेत, त्यांत पाण्याला आणि औषधाला वाव आहे. दिगंबर परंपरेतील सोळा कारणभावनांत तप हे शक्तीप्रमाणे करावे, असे नावातच सांगणारी ‘शक्तितस्तप’ ही भावना आहे. आपल्या रुग्णासाठी यांपैकी काय लागू करावे हे ठरवण्याचा अधिकार या सदराचा नाही. ते महाराजसाहेबांना भेटून, वैद्यकीय कागद त्यांच्यासमोर ठेवून विचारावे. आणि रुग्णाला सोबत घेऊन विचारावे. घरच्यांनी गुपचूप काही दिले आणि ते रुग्णाला मागाहून कळले, तर त्याचा अन्नावरचा विश्वासच उडतो.

तप घडावे ही घरातील इच्छा असेल तर ते निरोगी माणसांनी करावे. रुग्णाची सेवा, म्हणजे वैयावच्च, हीसुद्धा अंतरंग तपात गणली आहे. पहाटे उठून वेगळी भांडी उकळून त्या रुग्णासाठी मुगाची खिचडी शिजवणारी सून तपच करत असते.

तिसरी यादी : आप्तेष्टांची

साता विचारायला येणारी माणसे मायेने येतात आणि एकेक पदार्थ बंद करून जातात. केळे थंड, भात वातूळ, दूध कफकारक, तूप जड, साखर कर्करोगाला खतपाणी. यांपैकी एकाही कारणाने या रुग्णाचे अन्न तोडू नये. मधुमेह असेल, किंवा स्टिरॉइडमुळे साखर वाढली असेल, तर तिचा हिशेब डॉक्टर आणि आहारतज्ज्ञ करतील.

बंद करण्याइतकेच सुरू करण्याचे सल्लेही तपासावेत. रक्त कमी म्हणून लोहाच्या गोळ्या मनाने देऊ नयेत. रक्ताच्या एका पिशवीबरोबर सुमारे २०० ते २५० मिलिग्रॅम लोह शरीरात जाते, आणि वारंवार रक्त घेतलेल्या रुग्णात ते आधीच जास्त साठलेले असते. प्रतिकारशक्ती वाढवणारे काढे, गुळवेल, नाना प्रकारची चूर्णे डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोत. त्यांतील काही यकृताला जड जाऊ शकतात, आणि दाता-प्रत्यारोपणात तर प्रतिकारशक्ती औषधाने मुद्दाम दाबून ठेवलेली असते. सायक्लोस्पोरिन किंवा टॅक्रोलिमस चालू असेल तर पपनस आणि ग्रेपफ्रूट पूर्ण वर्ज्य; या फळांनी औषधाची रक्तातील पातळी धोकादायक वाढते.

तिन्ही याद्यांपैकी ही सर्वांत लांब असते, आणि पूर्ण फाडून टाकता येण्याजोगी एवढीच एक.

ताटात काय वाढावे

भूक शाबूत असलेल्या दिवसासाठी, साठ किलो वजनाच्या माणसाचा, सूर्यप्रकाशात बसणारा एक नमुना देत आहे.

आठ वाजता : एक पेला म्हशीचे उकळलेले दूध, त्यात दहा ग्रॅम भाजलेल्या बदामांची पूड.
साडेनऊ : चाळीस ग्रॅम मूगडाळीचे मऊ धिरडे, तूप घालून.
अकरा : पन्नास ग्रॅम घरचे ताजे पनीर कुस्करून, मऊ पोळीबरोबर.
साडेबारा : भात, तीस ग्रॅम तुरीच्या डाळीचे घट्ट वरण, तूप, शिजवलेला दुधी वा लाल भोपळा.
दोन : दुधात शिजवलेले नाचणीचे सत्त्व किंवा सातूचे पीठ.
साडेतीन : रव्याचा मऊ उपमा, त्यात पन्नास ग्रॅम पनीर.
साडेपाच : मुगाची सैल खिचडी, तूप आणि गरम कढी.

यातून सत्तर-पंचाहत्तर ग्रॅम प्रथिने मिळतात. उरलेली पंधरा-वीस ग्रॅम आहारतज्ज्ञांनी सुचवलेल्या दूधजन्य प्रथिनांच्या भुकटीतून भागवता येतील. भुकटीच्या डब्यावरील हिरवा ठिपका पाहून घ्यावा. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर प्रथिनांचे प्रमाण डॉक्टरच ठरवतील. मायलोमात हा त्रास पुष्कळदा असतो, म्हणून हा नमुना त्यांना दाखवल्याशिवाय अमलात आणू नये.

तोंड आल्यावर आपल्याकडचे तिखट, आंबट आणि खरपूस सगळे बंद. ठेचा तर दृष्टीसही नको. खिचडी मिक्सरमधून काढून, कोमट करून द्यावी. लापशी, मूगडाळीचा पातळ शिरा, साय घोटलेले दूध असे घोटाघोटाने जाईल ते द्यावे. दुधाने जुलाब वाढले तर काही दिवस दूध थांबवून पनीर चालते का ते विचारावे. दाता-प्रत्यारोपणात आतड्यावर हल्ला झाला असेल तर स्निग्ध पदार्थ, दूध आणि चोथा कमी करून पायरीपायरीने आहार वाढवतात. तेथे घरचा अंदाज चालत नाही. नळी घालावी लागली तर तो पराभव मानू नये. आतड्यातून अन्न जात राहणे आतड्याच्या अस्तरालाही हितकर असते.

भाड्याच्या खोलीतील चूल

रुग्णालयातून सुटका झाल्यावर काही आठवडे जवळपास राहावे लागते. दादरच्या संत गाडगे महाराज धर्मशाळेने कर्करुग्णांच्या कुटुंबांना वर्षानुवर्षे आसरा दिला आहे. कोणी खोली भाड्याने घेते, कोणी नातलगांकडे उतरते. कोठेही उतरा, रुग्णाचे ताट-वाटी-पेला वेगळा ठेवावा, दूध त्याच्यासमोर उकळावे, अन्न शिजल्यावर लगेच द्यावे आणि उरलेले पुन्हा गरम करून त्याला देऊ नये. डाळ-तांदूळ गावाहून नेणार असाल तर निवडून, उन्हात वाळवून, घट्ट डब्यांत न्यावेत. सामुदायिक भोजनशाळेचे अन्न कितीही शुद्ध असले तरी ते किती वेळापूर्वीचे आहे हे आपल्या हाती नसते, म्हणून या काळात रुग्णासाठी ते टाळावे.

या दिवसांत चव गेलेली असते. सगळे धातूसारखे किंवा मातीसारखे लागते, आणि हे काही आठवडे, कधी काही महिने चालते. ‘खात नाही’ म्हणून रागावू नये. थोडे, वारंवार, त्याच्या सांगण्याप्रमाणे. जेवणाआधी मीठ-सोड्याच्या पाण्याने चूळ भरली तर थोडा फरक पडतो.

आणि एक वही घालावी. दुकानाचा रोजमेळ ज्या निष्ठेने लिहितो त्याच निष्ठेने रुग्णाने काय खाल्ले, किती वाट्या, किती पेले, किती वेळा जुलाब झाले, सकाळचे वजन किती, हे रोज लिहावे. ‘बरे खातात’ या शब्दांपेक्षा ‘काल अर्धी वाटी खिचडी आणि दोन पेले दूध’ हे वाक्य डॉक्टरांना शतपटीने उपयोगी पडते. वजन रोज उतरू लागले तर पुढच्या तपासणीची वाट पाहू नये.

निघण्यापूर्वीचा कागद

शिरूर कासारच्या भगिनींना आणि त्यांच्याप्रमाणे वाट शोधणाऱ्या सर्वांना एवढेच सुचवावेसे वाटते. दाखल होण्याच्या किमान पंधरा दिवस आधी एक कागद घ्यावा आणि त्यावर पाच प्रश्न लिहावेत.

१. सूर्यास्तानंतर पाणी आणि औषध घ्यायचे का? आणि पोषक आहार?
२. बर्फ तोंडात धरायचा का?
३. उपवास आणि आयंबिल कधीपर्यंत स्थगित?
४. नळीने किंवा शिरेवाटे पोषण द्यावे लागले, आणि त्यात प्राणिज घटक असला, तर आपला निर्णय काय?
५. रुग्णासाठी कोण शिजवणार, आणि त्याच्या खोलीत अन्न आणण्याचा अधिकार कोणाला?

पहिल्या चारांची उत्तरे डॉक्टर, आहारतज्ज्ञ आणि महाराजसाहेब यांना विचारून, रुग्णाच्या मुखातूनच घ्यावीत. पाचव्याचे उत्तर घरातच ठरते. सासऱ्यांनी स्वतः त्या कागदावर सही करावी आणि एक प्रत रुग्णालयाच्या कागदपत्रांत ठेवावी. ज्वराच्या ग्लानीत पडलेल्या माणसाला रात्री दोन वाजता ‘पाणी घेता का, चौविहार आहे ना?’ असे विचारण्याची वेळ मग कोणावर येणार नाही.

वीस वर्षांच्या चौविहाराने ज्या मनाला एवढे बळ दिले, ते मन हा निर्णयही शांतपणे घेऊ शकेल. आपल्या सासऱ्यांना उत्तम आरोग्य लाभो, ही शासनदेवाचरणी प्रार्थना.